वली, कुफू आणि मुलीचा होकार

मुसलमान समाजात वयात आलेल्या मुलीचे लग्न तिच्या बापाच्या संमतीवाचून होऊ शकते काय? वरवर पाहता हा प्रश्न धर्मशास्त्राचा आहे. काझींनी आणि मौलवींनी सोडवावा असा आहे. दलित साहित्याच्या आणि सामाजिक विचाराच्या पानांवर त्याचे काय काम, असे काही वाचक विचारतील. माझे म्हणणे असे की, ज्या प्रश्नाच्या पोटात जात दडलेली असते तो प्रश्न आपला असतो. मग तो कोणत्याही धर्माच्या अंगणात उभा असो. बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात जातीवर जो निबंध वाचला, त्यात जातीचे मर्म जातीअंतर्गत विवाहात आहे हे त्यांनी सिद्ध केले होते. पुढे १९३६ साली जातिनिर्मूलनाचा विचार मांडताना त्यांनी आंतरजातीय विवाह हाच जातीवरचा खरा उपाय ठरवला. मग लग्नाच्या दाराची किल्ली कोणाच्या हाती आहे, हा प्रश्न गौण कसा राहील? ती किल्ली ज्याच्या हाती असते त्याला मुसलमानी शास्त्रात ‘वली’ म्हणतात. वली म्हणजे पालक, लग्न लावून देण्याचा अधिकार असलेला नातलग.

माझी उमेद जळगाव आणि धुळे या दोन जिल्ह्यांत गेली. खानदेशातला मुसलमान बाहेरून एकच दिसतो. आत पाहिले म्हणजे धुळ्याच्या यंत्रमागांवर राबणारा मोमीन-अन्सारी वेगळा, कापूस पिंजणारा पिंजारी वेगळा, बांगड्यांचा मणियार वेगळा, भाजी-फळांचा बागवान वेगळा, खाटीक वेगळा. यावल, रावेर, चोपडा या तालुक्यांत सातपुड्याच्या पायथ्याशी राहणारा तडवी तर भिल्लही आहे आणि मुसलमानही आहे. या सगळ्यांच्या वर आपण बसलो आहोत असे मानणारे सय्यद, शेख, पठाण आहेतच. मशिदीत हे सगळे एका रांगेत उभे राहतात आणि एका दस्तरखानावर जेवतात, ही गोष्ट मी डोळ्यांनी पाहिली आहे आणि ती लहान नाही. आपल्याला देवळाच्या पायरीसाठी आणि पाण्यासाठी लढावे लागले, हे आठवले म्हणजे तिचे मोल कळते. पण मुलगी देण्याघेण्याची वेळ आली की ती रांग मोडते. प्रत्येक जण आपल्या जमातीत, आपल्या बिरादरीत परत जातो. धर्माने एक केलेली माणसे लग्नाने वेगळी होतात. हे कसे घडते, कोणाच्या मार्फत घडते, ते समजण्यासाठी आधी निकाह म्हणजे काय ते पाहिले पाहिजे.

निकाह हा करार आहे. एका बाजूने प्रस्ताव, दुसऱ्या बाजूने स्वीकार, साक्षीदार आणि मेहर एवढ्यांवर तो उभा राहतो. वैदिक विवाहविधीत कन्येचे दान होते. दानाच्या वस्तूला कोणी काही विचारत नाही. निकाहात मुलगी कराराची एक बाजू असते. तिला विचारल्यावाचून करार पुरा होत नाही. आपल्याकडे रिवाज असा की, एक वकील आणि दोन गवाह बायकांच्या खोलीत जातात. अमक्याचा मुलगा अमुक, मेहर इतका, तुमची इजाजत आहे काय, असे विचारतात आणि तिचा होकार बाहेर काझींपर्यंत आणतात. येथे एक घोटाळा पुष्कळांच्या मनात असतो, तो दूर केला पाहिजे. वकील आणि वली या दोन व्यक्ती एक नव्हेत. वकील हा मुलीने नेमलेला तिचा प्रतिनिधी. वली हा जन्माने आलेला पालक. प्रत्यक्षात मात्र वकील कोण हे मुलगी ठरवत नाही, तिचा बाप ठरवतो. बहुधा चुलता नाही तर मामा असतो. तिच्या वतीने बोलणारा माणूसही तिचा राहत नाही, येथूनच गोष्ट बिघडायला लागते.

वली कोण, याचा क्रम शास्त्राने लावला आहे. आधी बाप, मग बापाचा बाप, मग भाऊ, मग चुलते, अशी ती बापाकडच्या पुरुषांची ओळ आहे. आईचा क्रम हनफी शास्त्रात लागतो, पण या पुरुषांच्या मागून. या वलीच्या अधिकारावर सुन्नी पंथाच्या चार शास्त्रशाखांत मतभेद आहेत. शाफई, मालिकी आणि हंबली शाखा म्हणतात, वलीवाचून निकाह नाही. बाई कितीही वयाची असो, तिचा निकाह वलीनेच लावला पाहिजे. हनफी शाखा म्हणते, वयात आलेली, शहाणी बाई आपला निकाह आपण करू शकते. वली असणे चांगले, पण त्याच्यावाचून निकाह अडत नाही. कोकणातले मुसलमान बहुतांशी शाफई आहेत, आमच्या खानदेशातले बहुतांशी हनफी. म्हणजे रत्नागिरीच्या मुलीला शास्त्राने जे नाकारले ते धुळ्याच्या मुलीला दिले आहे. एकाच धर्माच्या, एकाच राज्यातल्या दोन मुली, आणि त्यांचा अधिकार मात्र वेगवेगळा!

दोन्ही बाजूंना आधार आहेत. वलीच्या बाजूचे पंडित, वलीवाचून निकाह नाही अशा अर्थाची हदीस पुढे करतात. हनफी पंडित कुराणाच्या दुसऱ्या सूरेतल्या वचनांकडे बोट दाखवतात. तेथे लग्न करण्याची क्रिया स्त्रीच्या नावावर सांगितली आहे, आणि तलाक झालेल्या बाईला तिच्या नवऱ्याशी पुन्हा लग्न करण्यापासून अडवू नका, असे नातलगांना बजावले आहे. पण एका बाबतीत परंपरा बोलकी आहे. खन्सा नावाच्या एका स्त्रीचे लग्न तिच्या बापाने तिच्या मनाविरुद्ध लावले. तिचे हे पहिले लग्न नव्हते. ती पैगंबरांकडे गेली आणि त्यांनी ते लग्न रद्द केले, असे बुखारींच्या संग्रहात नोंदले आहे. दुसरी एक कुमारिका अशीच तक्रार घेऊन आली. बापाने आपली इभ्रत वाढावी म्हणून पुतण्याशी तिचे लग्न लावले होते. तिला निवड दिली गेली तेव्हा ती म्हणाली, लग्न मला मान्य आहे. पण या बाबतीत बापांच्या हाती काही नाही, हे बायकांना कळावे म्हणून मी आले. चौदाशे वर्षांपूर्वीच्या त्या मुलीने विचारलेला प्रश्न स्वतःपुरता नव्हता. तिचे नावही परंपरेने जपले नाही, पण तिचे म्हणणे जपले.

आपल्या मुंबईच्या उच्च न्यायालयापुढे हा प्रश्न फार लवकर आला. १८६४ सालचा मुहम्मद इब्राहिम विरुद्ध गुलाम अहमद हा खटला कोकणी मुसलमान घराण्यांतला होता. मुलगी शाफई घरातली. तिने बापाच्या संमतीवाचून लग्न केले. न्यायालयाने असे ठरवले की, वयात आल्यावर मुलीला आपली शाखा निवडता येते. ती हनफी झाली तर बापाच्या संमतीवाचून तिचे लग्न वैध ठरते. महाराष्ट्राच्या सामाजिक इतिहासात या निकालाची आठवण फारशी निघत नाही, ती निघायला हवी. जोतीराव फुल्यांनी सत्यशोधक समाज काढला तो १८७३ साली. त्याच्याही आधी एका मुसलमान मुलीच्या निवडीला या प्रांतातल्या सर्वोच्च न्यायालयाने मान दिला होता.

अल्पवयीन मुलीची गोष्ट वेगळी. तिचे लग्न वली लावून देऊ शकतो असे जुने शास्त्र सांगते, आणि येथे हनफी शाखाही उदार नाही. वयात आल्यावर ते लग्न नाकारण्याचा अधिकार मुलीला होता. पण लग्न बापाने किंवा आजोबाने लावलेले असेल तर तोही जवळपास बुडत असे. १९३९ च्या मुस्लिम विवाहविच्छेद कायद्याने ही गाठ सोडवली. पंधरा वर्षांच्या आत बापाने किंवा दुसऱ्या पालकाने लावून दिलेले लग्न, संसार सुरू झाला नसेल तर, अठरा वर्षांची होण्याआधी मुलीला नाकारता येते. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याने मुलीच्या लग्नाचे वय अठरा धरले आहे. वयात आलेल्या पण अठराच्या आतल्या मुसलमान मुलीला तो कसा लागू करायचा, याबाबत उच्च न्यायालयांचे निकाल एका सुराचे नाहीत. माझे मत स्पष्ट आहे. होकाराला अर्थ यायचा तर होकार देणारी मुलगी नकार देण्याइतकी मोठी असली पाहिजे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. हनफी शास्त्राने सज्ञान मुलीला मोकळीक दिली, हे खरे. पण त्या मोकळिकीला एक खिडकी ठेवली, आणि त्या खिडकीतून जात आत आली. त्या खिडकीचे नाव ‘कुफू’. कुफू म्हणजे बरोबरीचा. मुलीने आपण होऊन लग्न केले आणि नवरा तिच्या घराण्याच्या बरोबरीचा नसला, तर वलीला हरकत घेता येते. ही बरोबरी कशात मोजायची? कुळात, इस्लामात किती पिढ्या झाल्या यात, स्वातंत्र्यात, धर्मनिष्ठेत, संपत्तीत आणि धंद्यात. बाराव्या शतकातल्या मर्गीनानी यांचा ‘हिदाया’ हा हनफी शाखेचा प्रमाणग्रंथ. धंद्याची बरोबरी मोजावी की नाही याबद्दलची मतभिन्नता त्यात नोंदली आहे. आणि जे सौम्य मत आहे तेही म्हणते की, एरवी धंदा पाहू नये, पण फारच हलका धंदा असेल तर पाहावा. हलक्या धंद्याची उदाहरणे कोणती? रक्त काढणारा हज्जाम, विणकर आणि कातडे कमावणारा!

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. कातडे कमावणारा. मध्य आशियात बसून लिहिणाऱ्या पंडिताला आपले ढोर-चांभार ठाऊक नव्हते, मनुस्मृती त्याच्यापुढे नव्हती. तरी श्रमाचा विटाळ त्यालाही सुचला. आणि विणकर कोण? धुळ्यात, मालेगावात, भिवंडीत मागाच्या खडखडाटात ज्यांचे कान बधिर होतात ते मोमीन-अन्सारी. कापड विणणारा हलका आणि ते अंगावर घालणारा थोर, हे गणित आपल्याला परके नाही.

हा केवळ जुन्या ग्रंथातला प्रकार आहे असे मात्र कोणी समजू नये. मौलाना अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ हे पुस्तक विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींसाठी लिहिले गेले आणि पिढ्यान्‌पिढ्या नवऱ्या मुलींना रुखवतात दिले गेले. त्यातही विणकर हा शिंप्याच्या बरोबरीचा नाही, असा हिशोब आहे. त्याच मौलाना थानवींनी अडकलेल्या बायकांची सुटका व्हावी म्हणून जे शास्त्रीय काम केले, त्यातून १९३९ च्या कायद्याची वाट मोकळी झाली, हेही सांगितले पाहिजे. एकाच पंडिताच्या हातून बाईची एक बेडी सुटते आणि दुसरी तशीच राहते, याचा अर्थ काय? बाईवरचा अन्याय त्यांना दिसला. बिरादरीची उतरंड मात्र त्यांना निसर्गासारखी वाटली.

उत्तरकालीन हनफी पंडितांनी ही खिडकी आणखी रुंद केली. वलीच्या परवानगीवाचून, बरोबरीच्या नसलेल्या माणसाशी केलेला निकाह मुळातच होत नाही, हे मत त्यांनी काळ बिघडला आहे असे कारण देऊन फतव्यासाठी निवडले. याचा परिणाम वाचकांनी नीट ध्यानात घ्यावा. सज्ञान मुलगी मोकळी आहे, पण बरोबरीत किंवा वर लग्न करण्यापुरती. खाली पाऊल टाकले की वली उठून उभा राहतो. म्हणजे वलीची संमती ही मुलीच्या संरक्षणाची तरतूद राहिली नाही; ती कुळाच्या राखणीची तरतूद झाली.

माझ्या ओळखीत असे एक प्रकरण घडले. मुलगी शेख घराण्यातली, वीस वर्षांची, कॉलेजात शिकलेली. मुलगा मागावर काम करणारा अन्सारी. दोघे हनफी, दोघे नमाजी. मेहर ठरला, साक्षीदार तयार होते. एका काझींनी सांगितले, बाप आल्यावाचून मी निकाह पढणार नाही. बापाने फिर्याद दिली आणि एका पोलीस ठाण्यावर मुलीचे वय कागदावर असूनही तिला दोन दिवस समजावण्यात आले. त्या जमातीतल्या एका वृद्धाला मी विचारले, “चाचा, मुलगा दारू पीत नाही, कमावतो, दीनदार आहे. मग अडते कोठे?” चाचा शांतपणे म्हणाले, “मास्तर, दीन अपनी जगह है, बिरादरी अपनी जगह.” या वाक्यात कसलीही दुष्टाई नव्हती, आणि म्हणूनच मला ते अधिक भयंकर वाटले. आपल्या गावचा पाटील तरी वेगळे काय म्हणत होता? देव सर्वांचा आहे, पण रीत आहे ना, असेच तो म्हणे.

चाचांना उत्तर त्यांच्याच परंपरेत होते. हनफी शाखेतलेच करखी यांनी कुफूची अटच मानली नाही. मालिकी शाखा मुख्यतः धर्मनिष्ठा पाहते. पैगंबरांनी कुरैश नात्यातल्या जैनबचे लग्न मुक्त केलेल्या गुलामाशी, जैदशी, लावले होते. आणि फातिमा बिंत कैस या कुरैश स्त्रीला त्याच जैदच्या मुलाशी, उसामाशी, लग्न करण्याचा सल्ला दिला होता. पहिले लग्न टिकले नाही, हे खरे. पण ती उदाहरणे घडली कशासाठी, हा प्रश्न उरतोच. समतेचे उदाहरण ग्रंथात आणि विषमतेचा नियम व्यवहारात, हे दुहेरी जीवन कोणत्याही धर्माला कायमचे झेपत नाही. बाबासाहेबांनी पाकिस्तानवरील आपल्या ग्रंथात १९०१ च्या बंगालच्या जनगणनेचा दाखला देऊन अश्रफ, अजलाफ आणि अर्जल अशी मुसलमानांतली उतरंड दाखवून दिली होती. या उतरंडीतली अर्जल म्हणजे सर्वांत खालची माणसे. त्यांच्याशी इतर मुसलमान संबंध ठेवत नसत. बाबासाहेबांनी हे लिहिले ते मुसलमानांना हिणवण्यासाठी नव्हे. जात धर्माची भिंत ओलांडून जाते, हे त्यांना दाखवायचे होते.

देशाचा कायदा काय म्हणतो, तेही कार्यकर्त्यांना ठाऊक हवे. काझीने निकाह पढलाच पाहिजे असा नियम नाही. १८८० च्या काझी कायद्यातच ते स्पष्ट केले आहे. सज्ञान हनफी मुलीचा निकाह बाप नाही म्हणून न्यायालय अवैध ठरवत नाही. कुफूची हरकत असलीच तर वलीने न्यायालयात जावे लागते. जमातीच्या बैठकीत लग्न मोडता येत नाही. १९५४ च्या विशेष विवाह कायद्याने तर कोणत्याही धर्माच्या सज्ञान स्त्रीपुरुषाला पालकावाचून लग्न करता येते. मात्र त्यात तीस दिवसांची नोटीस कचेरीत लागते आणि ती नोटीस नेमकी ज्यांच्यापासून जीव वाचवायचा त्यांच्यापर्यंत आधी पोचते. महाराष्ट्राने २०१६ साली सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला. आपल्या पसंतीने लग्न केले म्हणून कुटुंबाला वाळीत टाकणारी पंचायत, मग ती कोणत्याही धर्माची वा जातीची असो, आज गुन्हेगार आहे.

पण वली केवळ घरातच असतो असे नाही. केरळातल्या हादिया या चोवीस वर्षांच्या स्त्रीने धर्म बदलला आणि आपल्या पसंतीने लग्न केले. २०१७ साली तेथील उच्च न्यायालयाने, आईबापांना बाजूला ठेवून केलेले लग्न म्हणून ते रद्द केले आणि तिला बापाच्या हवाली केले. हा बाप मुसलमान नव्हता. शास्त्राने तो तिचा वली होऊच शकत नव्हता. तरी कायद्याची भाषा बोलणाऱ्या न्यायालयाने त्याला वली केले. ८ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला आणि जोडीदार निवडणे हा सज्ञान माणसाचा स्वतःचा अधिकार आहे हे मान्य केले. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०२२ मध्ये आंतरधर्मीय लग्नांची माहिती ठेवणारी समिती नेमली, तेव्हाही माझ्या मनात हाच विचार आला, की आता शासनच वली होऊ पाहते आहे.

आणि आपण? १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात, जो बौद्धांनाही लागू आहे, मुलीचे किमान वय पंधरा होते. पंधरा ते अठरा या वयातल्या मुलीला पालकाची संमती लागे. पालकांची यादीही कायद्यातच दिली होती. १९७८ साली वय अठरा झाले आणि ती यादी गेली. कायद्यातली यादी गेली, मनातली गेली काय? बौद्ध विवाहात वर आणि वधू दोघेही प्रतिज्ञा घेतात, कोणी कोणाचे दान करत नाही, याचा आपल्याला अभिमान आहे. पण मुलीने मातंगाच्या, चर्मकाराच्या किंवा तडव्याच्या मुलाचे नाव काढले की आपल्यातलाही बाप “समाज काय म्हणेल” असे म्हणतो. तोही वलीच. त्याच्या तोंडी अरबी शब्द नसतो, इतकेच.

मुसलमान समाजातल्या सुधारणेची चर्चा महाराष्ट्रात पुष्कळ झाली. हमीद दलवाईंनी १९६६ साली सात मुसलमान स्त्रियांचा मोर्चा मुंबईत विधिमंडळावर नेला, १९७० साली मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढले. ती चर्चा तलाक आणि बहुपत्नीत्व यांभोवती फिरली, आणि तसे होणे साहजिक होते. पण तलाक हा लग्नाच्या शेवटाचा प्रश्न आहे. लग्नाच्या आरंभीचा प्रश्न वलीचा आहे, आणि त्याच्यामागे बिरादरीचा आहे. खानदेशातल्या पिंजारी, मणियार, बागवान, अन्सारी, तडवी तरुणांनी तो हाती घ्यावा असे मला वाटते, कारण कुफूच्या हिशोबात खालच्या बाजूला तेच उभे आहेत.

आरंभ साध्या गोष्टींपासून होऊ शकतो. वकील कोण असावा ते मुलीने सांगावे. इजाजत घेताना खोलीतल्या बायकांची गर्दी आणि बापाची नजर दूर ठेवावी. कुमारिकेचे मौन हा होकार, ही सवलत लाजाळू मुलीसाठी होती, ती घाबरलेल्या मुलीवर वापरू नये. तिचे उत्तर तिच्या तोंडून ऐकावे. मेहर किती, हे तिला आदल्या दिवशी नव्हे, बोलणी चालू असतानाच कळावे. आणि बापाला हरकत घ्यायचीच असेल तर त्याने मुलाच्या व्यसनावर, आजारावर, आधीच्या बायकोवर घ्यावी. त्याच्या मागावर, पिंजणीवर, कातड्यावर घेऊ नये. बापाचा सल्ला ही मुलीची शिदोरी आहे. तो सल्ला बिरादरीच्या हुकुमाने दिला जातो तेव्हा मुलीच्या वाट्याला शिदोरी येत नाही, नुसता पहारा येतो. तो पहारा उठवण्याचे काम मोहल्ल्यातही करायचे आहे आणि आपल्या वस्तीतही.